नारळ न मिळालेला माणूस

तापीचा पूल ओलांडला, की बऱ्हाणपूर दिसण्याआधी ऐकू येते. यंत्रमागांची ही खटखट घराघरातून झिरपत असते. मी आलो होतो मोगलांचे हमामखाने पाहायला. माझा कॉलेजातला मित्र विनायक इथे शिक्षक आहे. त्याने इतवारा बाजारात मावा जिलेबी (खव्याची, काळपट आणि मनगटाएवढी जाड) खायला घातली आणि म्हणाला, "हमाम कुठं पळून जातो का? आधी आमचं शिबिर बघ."

शिबिर एड्सच्या जागृतीचे. एका कारखान्याच्या आवारात मांडव होता आणि स्टेजवर ज्यांना हा आजार होणे शक्यच नाही अशा चेहऱ्यांची रांग. प्रमुख पाहुण्यांची वाट बघता बघता कामगारांचे रक्त तपासून झाले. पाहुणे आले आणि संयमावर बोलले. त्यांच्या सत्काराला इतके हार होते, की आतला माणूस शोधावा लागला.

"कुछ पूछना है?" सूत्रसंचालकाने विचारले.

तिशीचा एक कामगार उभा राहिला. "साहब, नींद नहीं आती. उसकी गोली मिलेगी?"

"इसका काम बढ़ाओ, अपने आप आएगी!" पाहुण्यांनी फर्मावले आणि स्टेज खदखदून हसले.

तो शिवपाल, उत्तर प्रदेशातला. विनायकच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्यांपैकी एक. विनायक कानाशी म्हणाला, "सुरतेत हे दोघे भाऊ कामाला होते, त्या कारखान्याला आग लागली. याच्या भावाला यानंच बाहेर काढलं, पण उशीर झाला. तेव्हापासून डोळा मिटला की आग. मग दारू, आणि दारूमागून ढाब्याच्या मागच्या खोल्या."

म्हणजे संयमाच्या भाषणाने जे सुटणार नव्हते, तेच या माणसाने एका वाक्यात विचारले होते. ते स्टेजवर कोणालाच ऐकू आले नाही.

पुढचा प्रकार बघून मी खुर्चीतून उठलोच. ज्यांच्या तपासणीत काही निघाले नाही, त्यांना नाव पुकारून वर बोलावले. टॉवेल, नारळ, फोटो. नावे संपली. शिवपालचे आले नाही. सगळा मांडव एकेक करत त्याच्याकडे वळला.

विनायकने आयोजकाला गाठले. "याचं नाव का नाही?"

"नारळ कमी पडले हो मास्तर. साहेबांना निघायची घाई."

"आणि रिपोर्ट?"

"कळवू ना नंतर."

खरे काय ते देव जाणे. त्या माणसाची कुंडली भर मांडवात मांडली आणि वर जेवणाची पंगतही बसली.

मागच्या खोलीत दोघांत एक खाट असते. दिवसपाळीचा रात्री झोपतो, रातपाळीचा दिवसा. संध्याकाळी शिवपालची वळकटी अंगणात पडलेली होती. खाटेचा जोडीदार रामधारी दारात आडवा उभा.

"अरे बाबा, खाट से नहीं होती ये बीमारी," विनायक म्हणाला.

"तो नारियल क्यों नहीं दिया, मास्टरजी?"

विनायकने वळकटी उचलली. त्या रात्री शिवपाल विनायकच्या ओसरीवर होता. झोपला म्हणवत नाही.

हमाम राहिलाच. सकाळच्या भुसावळच्या बसमध्ये शिवपाल माझ्याच शेजारी बसला. सुरतेला निघाला होता, "वहाँ ये बात कोई नहीं जानता" म्हणून. इच्छापूरला बस थांबली आणि देवीसाठी नारळ विकणाऱ्या बायका खिडकीशी आल्या. त्याने मान फिरवली.

मी म्हणालो, "भुसावळला सरकारी दवाखान्यात तपासणी होते. सुरतेच्या गाडीला वेळ आहे. चलोगे?"

 केळीच्या बागांकडे बघतच त्याने विचारले, "वहाँ भी नारियल बाँटते हैं?"

"नहीं."

दवाखान्यात ना मांडव होता ना माइक. समुपदेशक बाईंनी त्याला आत घेतले. मीही मागोमाग निघालो, तर म्हणाल्या, "तुम्ही कोण? बाहेर थांबा." आणि दार लावून घेतले. माझ्या तोंडावर आजवर बरीच दारे लागली आहेत. आनंद फक्त याच दाराने दिला.

तो खूप वेळाने बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हते आणि मी विचारले नाही. ते विचारायचे नसते, एवढेच त्या मांडवातल्या हारांना उमगले नव्हते.

 फाटकाशी तो म्हणाला, "परसों फिर बुलाया है. सूरत बाद में देखेंगे." दोन पावले चालून थांबला.

"मैडम ने नींद का भी पूछा."