सूर्य दिसणारी सीडी

मंठ्याच्या बसस्टँडसमोर कॅसेटच्या दुकानात पन्नाशीच्या एक बाई बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. कोरी सीडी मागितली की त्या ओट्यावर येऊन, एक डोळा मिटून, ती उन्हात धरायच्या.

माझ्या लग्नाचं शूटिंग घरच्या कॉम्प्युटरवर राइट करून सासरी वाटायचं होतं. मी सगळ्यात स्वस्त सीड्या मागितल्या.

"हिच्यातून सूर्य दिसून राह्यला, लेप पातळ हाय," बाई म्हणाल्या. "वर्षात नवरी गायब होईल. जाड लेपाची न्या."

"दोनदा कोण बघतंय?" म्हणत मी स्वस्तच नेल्या. निम्म्या राइट करतानाच वाया गेल्या. मेव्हण्याकडची मंगलाष्टकांपाशी अडकली. टीव्हीवर मी हातात हार घेऊन नुसता उभा! सगळी सासुरवाडी हसली. बायको हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून दुकानात गेलो. बाईंनी न विचारता जाड लेपाच्या सीड्या काढल्या.

"बायकोनं पाठवलं का?"

"हो."

"म्हंजी लग्न चालू हाय. मंग रडता कशाला? सीडी दुसरी मिळती."

भटजींनीही मला इतका धीर दिला नव्हता. त्या दिवशी मी घासाघीस केली नाही.