एत्ये फांतायेचा तिसरा कप

एत्ये फांताये आता कॉफी कुणाबरोबर पीत असेल, हा एकच प्रश्न अत्सेदेला तीन आठवडे छळत होता. लेक फोनवर म्हणाली, "आई, माझी काळजी पुरत नाही म्हणून तू शेजाऱ्यांची उसनी आणतेस." खोटं नव्हतं. अत्सेदेनं आजवर लेकीच्या सर्दीची, शाळेच्या गळक्या छपराची आणि एकदा तर रेडिओवर ऐकलेल्या परमुलखातल्या भूकंपाचीही काळजी वाहिली होती. पण ही काळजी तिनं स्वतःच्या हातानं तयार केली होती.

इथिओपियातल्या गोंडर शहरातल्या त्या गल्लीत लहानथोर सगळे फांतायेला एत्ये, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. नवरा गेल्यापासून तीस वर्षं ती रोज दुपारी ओटीवर हिरवं गवत पसरी आणि तव्यावर कॉफीचे दाणे भाजायला घेई. धूर कुंपणापलीकडे गेला की बायका येत. भांडलेल्या दोघींना ती मुद्दाम शेजारी बसवी. पहिल्या कपाला तोंडं फिरवलेल्या त्या बायका तिसऱ्या कपापर्यंत मिळून तिसरीलाच नावं ठेवत असत. तिसरा कप म्हणजे बरका, आशीर्वाद. तो न घेता कुणी उठू लागलं की एत्ये त्याची चप्पल लपवी. पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसाचीही एकदा लपवली होती.

मग तिचे गुडघे धरले. अत्सेदे कॉलेज शिकलेली, भूगोलाची शिक्षिका. कुणी विचारायच्या आत सल्ला देणं तिला कर्तव्यच वाटे. अदीस अबाबाला मुलाकडे, अस्राटकडे जा, त्याच्या इमारतीत लिफ्ट आहे, दवाखाना दहा मिनिटांवर आहे, असं तिनं आठवडाभर ऐकवलं. घर ते दवाखाना असा नकाशाही काढून दिला, उत्तर दिशेच्या बाणासकट. "तू शिकलेली, तुला कळत असेल," एवढंच म्हणून एत्ये गेली. घराची किल्ली आणि दुपारची कॉफी, दोन्ही अत्सेदेच्या गळ्यात पडली.

किल्ली तिनं नीट सांभाळली. कॉफीबद्दल न बोललेलं बरं. दाणे अर्धे कच्चे राहत आणि अर्धे कोळसा होत. पलीकडची झुर्याश वाफ हुंगून शांतपणे विचारी, "मास्तरीणबाई, हे प्यायचं की छपराला लावायचं?" तरी बायका शिक्षा भोगावी तसे तीनही कप संपवत.

त्या दुपारी एत्येचा फोन आला. अत्सेदेनं फोन गवतावर ठेवला, त्याच्यापुढेही एक कप भरला आणि जेबेना, म्हणजे कॉफीची मातीची सुरई, परत निखाऱ्यांवर चढवली. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "जेबेना उतरव आधी. उतू गेलेलं इथवर ऐकू येतंय."

बायका हसल्या. झुर्याशनं नवे शेजारी कसे आहेत म्हणून विचारलं. एत्येनं सगळं गमतीनंच सांगितलं. पहिल्याच आठवड्यात तिनं विजेच्या शेगडीवर कॉफी केली आणि त्या मजल्यावरची सातही दारं ठोठावली, या प्यायला म्हणून. चार उघडलीच नाहीत. दोघांनी काही विकत घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. सातव्या दारातल्या मुलीनं आत जाऊन तिला पाव आणून दिला.

"पाव ताजा होता हो," एत्ये म्हणाली.

"मग कॉफी कोणी प्यायली?" अत्सेदेनं विचारलं.

"मीच. दोन कप. तिसरा मोरीत ओतला. एकटीनं स्वतःलाच कसला आशीर्वाद द्यायचा?"

अत्सेदे फोनवर वाकली.

"एत्ये, परत येतेस का?"

"अस्राटला वाईट वाटेल गं. आणि तू एवढा नकाशा काढलास."

फोन बंद झाला तरी त्याच्यापुढचा एत्येचा कप तसाच वाफाळत होता. शनिवारी एत्येच्या घरात भाडेकरू येणार होता. मंगळवारी अस्राटनं तसं कळवलं तेव्हा, उत्तम विचार, असं अत्सेदेनंच त्याला म्हटलं होतं. एकदा परकं माणूस राहायला आलं की एत्ये परतणार कुठे?

अस्राटशी काय बोलायचं याचे तिनं मनात मुद्दे काढले. पहिला हवामानाचा होता. मग तिची तिलाच लाज वाटली. सांगायचं एवढंच होतं: चूक माझी, आईला परत पाठव, दवाखान्यात आम्ही आळीपाळीनं नेऊ. वीस वर्षं मुलांच्या चुका लाल शाईनं दाखवणाऱ्या बाईला 'चूक माझी' हे दोन शब्द जिभेवर आणताना घाम फुटला.

ती फोन घेऊन उठली, तर चपला जागेवर नव्हत्या.

"बरका घ्या, मग बोला," झुर्याश म्हणाली.

अत्सेदे मुकाट्यानं बसली. कप तळापर्यंत प्यायली. कडू जहर होता. मग तिनं अस्राटचा नंबर काढला आणि अनवाणीच अंगणात उतरली.