फिरकीला विनोद सुचला नाही ती दुपार

शिवणकाम करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली फिरकी म्हणायची. मशीनला फिरकी असते म्हणून नव्हे, समोर येईल त्याची फिरकी घेतल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे म्हणून. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाचं माप घेताना ती फीत हळूहळू ओढत न्यायची आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायची, "जोडून दुसरी घेऊ का?" नवरा हयात असताना तिने एकदा त्याच्या पॅंटचे दोन्ही खिसे शिवून टाकले होते, कारण काय तर तो खिशात हात घालून फार ऐटीत चालतो. बिचारा दिवसभर हातांचं काय करायचं ते न कळून फिरत राहिला.

तिला पुरून उरणारी एकच बाई होती, तिची शाळेपासूनची मैत्रीण हॅलोबाई. हॅलोबाईंचा सगळा जन्म टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून गेला. आवाज असा गोड, की नंबर चुकला तरी लोक रागवत नसत. पण निवृत्तीनंतर कान जायला लागले. हृदयाचं दुखणं आधीच मागे लागलं होतं, त्याच्या गोळ्या रोज चालू होत्या. त्या दुखण्याला ती भ्यायली नाही, कानांनी मात्र तिला खचवलं. लोक तिच्याशी असे ओरडून बोलत, जणू ती नदीच्या पलीकडे उभी आहे. हळूहळू तिने जाणंयेणं सोडलं. फिरकीने बोलावलं की सबबी सांगायची.

एका दुपारी फिरकी एका वकीलबाईंच्या अंगावर काळा कोट बेतत होती. एक बाही लागली होती, दुसरी टेबलावर होती, बाकी सगळीकडे टाचण्या. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून हॅलोबाई नोकरीतल्यासारख्या स्वच्छ, शांत आवाजात बोलत होती.

"हृदयाच्या सगळ्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्यात. आता घेऊन टाकते. तुला न सांगता जाणं बरं वाटेना, म्हणून फोन केला."

फिरकी ओरडली की थांब, मी येतेय. पण पलीकडे ते पोचलं की नाही, देव जाणे. फोन बंद झाला.

तिने वकीलबाईंना स्कूटर काढायला सांगितली. त्यांनी बाहीबद्दल काही विचारायला तोंड उघडलं, पण फिरकीचा चेहरा बघून मिटलं. एका बाहीच्या कोटात, प्रत्येक खड्ड्याला टाचणी टोचून घेत, वकीलबाईंनी स्कूटर अशी हाकली, की समोर येणारे आपणहून बाजूला झाले. मागे बसून फिरकीने इस्पितळात फोन लावला, पत्ता दिला, काय झालंय ते आडपडदा न ठेवता सांगितलं आणि रुग्णवाहिका मागवली.

दार नुसतं लोटलेलं होतं. हॅलोबाई इस्त्रीचे कपडे घालून, केस विंचरून टेबलाशी बसली होती. ती टापटीप कशासाठी ते फिरकीने ओळखलं. ती शेजारच्या खुर्चीवर बसली, वाटी आपल्याकडे ओढली आणि पाठीमागून वकीलबाईंच्या हातात दिली. त्यांनी तत्परतेने गोळ्या कोटाच्या खिशात ओतल्या. खिशाला अजून अस्तर लागायचं होतं. गोळ्या खालून निघून फरशीभर पसरल्या आणि वकीलबाई टाचण्यांसकट रांगत त्या गोळा करू लागल्या.

बोलून उपयोग नव्हता. फिरकीच्या हातात मापाचा खडू तसाच राहिला होता, तिने त्याने टेबलावरच लिहिलं, 'घेतल्यास का?'

"नाही. अजून नाही," हॅलोबाई म्हणाली.

फिरकीने खाली लिहिलं, 'खरच मरायचय का?'

हॅलोबाईने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "दोन्हीकडे अनुस्वार राहिलेत," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. "मरायचंच आहे असं नाही गं. पण असं नाही जगायचं. काल दूधवाल्याला म्हटलं, कसा आहेस? तो हसून काहीतरी म्हणाला. काय म्हणाला कोण जाणे. दिवसभरात माणसाशी झालेलं तेवढंच बोलणं."

फिरकीने डोकं खाजवलं. एरवी मयताच्या घरीही तिला विनोद सुचायचा, आज एकही सुचेना. तिने हॅलोबाईचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

थोड्या वेळाने हॅलोबाईने गळ घातली, की हे कुणाला सांगू नकोस. फिरकीने ठळक अक्षरात लिहिलं, 'सांगणार. डॉक्टरला, तुझ्या भावाला.' हॅलोबाई भडकली. चहाडखोर म्हणाली, आणखीही बरंच म्हणाली. फिरकी प्रत्येक शब्दाला मान डोलवत होती आणि एका हाताने तिच्या चपला पुढे सरकवत होती.

गोळ्या घेतल्या नव्हत्या, तरी डॉक्टरांनी तपासायला हवं होतं, म्हणून रुग्णवाहिका आली तशा तिघी तिच्यात बसल्या. गोंधळ झाला तो इस्पितळात. अर्धा कोट, विस्कटलेले केस, अंगाला टाचण्या बघून परिचारिकेने वकीलबाईंनाच खाटेवर झोपवलं. त्या कायद्याची भाषा बोलू लागल्या तशी परिचारिका आणखी मायेने त्यांना थोपटायला लागली. डोळे सुजलेले असतानाही हॅलोबाईला हसू आवरेना.

तिला काही दिवस तिथेच ठेवून घेतलं. मनाची डॉक्टरीण रोज समोर बसून, ओठ दिसतील अशी सावकाश बोलायची. भाऊ आला, आधी चिडला, मग बहिणीच्या पायाशी बसून राहिला. कानांना यंत्र मिळालं. हृदयाच्या गोळ्या आता फिरकीच्या कुलपातल्या खणात असतात, आणि रोजच्या रोज ती स्वतः नेऊन देते.

सगळं झटक्यात बरं झालं असं नाही. वाईट दिवस अजून येतात. त्या दिवशी हॅलोबाई फोन करून सरळ सांगते, की आज मन बरं नाही, ये. फिरकी गिऱ्हाइकाला आहे त्या अवस्थेत सोडून निघते. एरवीच्या दुपारी हॅलोबाईच दुकानात येऊन बसते, वाकडीतिकडी काजं करते आणि फिरकीच्या थट्टा ऐकते. फारच झालं तर केसांत हात घातल्यासारखं करून यंत्र बंद करते आणि हसरा चेहरा करून मान डोलवत राहते. फिरकीला वाटतं, विनोद रंगला.