नकाराचं पूर्ण कारण

आमच्या गावात कोणाची बोअर किती खोल गेली हे बोअर मारणाऱ्याच्या आधी शेजाऱ्याला कळतं. अशा गावातून मी नागपूरला वकिली शिकायला आले. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वकिलाने अशिलाची गोष्ट कोणालाच सांगायची नाही, हा धडा वर्गात शिकवला तेव्हा मी तो वहीत उतरवून घेतला. आपल्याला तो जेवणाच्या ताटावर पाळावा लागेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

मी नागपूरलगतच्या वाडी या गावात खोली करून राहते आणि कॉलेज सुटल्यावर एका वकील मॅडमकडे काम शिकते. मॅडमचं अक्षर फक्त मला लागतं, म्हणून टायपिंग माझ्याकडे. एक दिवस त्यांनी एका ग्रामपंचायतीला द्यायचं कायदेशीर मत टाइप करायला दिलं. अर्ध्यावर आल्यावर गट नंबर ओळखीचे वाटायला लागले. नरखेड तालुक्यातलं आमचंच गाव होतं, आणि वाद होता आमच्या संत्र्याच्या बागेकडे जाणाऱ्या पांदण रस्त्याचा. शेजारच्या काकांनी, माझीच जमीन आहे म्हणत, त्यावर तारेचं कुंपण घातलं होतं. रस्ता नेमका कोणाचा, हे पंचायतीने मॅडमना विचारलं होतं.

मी घाबरत मॅडमना सांगितलं. त्यांनी कागद काढून घेतले. म्हणाल्या, "आता वाचलंस ते वाचलंस. गुप्ततेचा नियम वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे आणि नोकरालाही. घरी एक शब्द नाही."

मी कारकून की नोकर, हे विचारायचं राहून गेलं. मग मॅडम स्वतः दोन बोटांनी टाइप करायला बसल्या. थोड्या वेळाने हाक आली, "हे काय लिहिलंय गं मी?" मी वाचून दिलं. तो नेमका शेवटचा परिच्छेद होता. रस्ता सरकारी आहे, कुंपण काढणं पंचायतीचं काम आहे.

पुढच्या रविवारी गावी गेले. मत पंचायतीत पोहोचलं होतं, पण काकांशी वाकडं नको म्हणून ते कपाटात ठेवून सगळे गप्प होते. मत आमच्या विरोधात गेलं, अशी बातमी मात्र गावभर झाली होती. व्यापाऱ्याची गाडी बागेपर्यंत आली नाही तर तो माल घेणार नव्हता. म्हणून बाबांनी ठरवलं होतं की आपल्याच धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची, झाडांची एक ओळ तोडून वेगळी वाट काढायची. त्या ओळीला मी शाळेत असताना पाणी दिलं होतं. कुऱ्हाडीला धार लावून झाली होती.

आईने माझ्या आवडीची भरल्या वांग्याची भाजी केली होती. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"तुह्याच मॅडमकडून कागद आला म्हणते," आई म्हणाली. "तूच टाइप केला असन ना वं?"

"मला सांगता येत नाही, आई."

"सांगू नको. आपल्या बाजूनं असन तं भाजी घे, नसन तं नको घेऊ."

मला भाजी हवी होती. मी भाकर कोरडीच खाल्ली. मग वाटलं, हेही उत्तरच झालं, म्हणून घाईने भाजी वाढून घेतली. चेहरा एकसारखा ठेवायचा म्हणून मी भिंतीकडे पाहत होते.

बाबा म्हणाले, "काहून त्रास देऊन राहिली तिले? पोट दुखून राहिलं वाटते तिचं."

सोमवारी मी मॅडमना विचारलं, माहितीच्या अधिकारात अर्ज करा, एवढं तरी घरी सांगू का? त्या म्हणाल्या, "कायदा कोणालाही सांग. अशिलाचं सांगू नको." मी बाबांना फोन केला. अर्जाचं उत्तर येईपर्यंत झाडाला हात लावू नका, अशी गळ घातली. खरं तर मला फारशी आशा नव्हती. वकिलाचा सल्ला विश्वासाने दिलेला असतो, तो देता येत नाही, असं पंचायत म्हणू शकत होती. आणि तिने तसंच म्हटलं.

महिन्याच्या आत बाबांचा फोन आला. "अर्ज फेटाळला ना वं माय. आता तोडतो ओळ."

"बाबा, कारण काय लिहिलंय? पूर्ण वाचा."

ग्रामसेवकांनी मागे एक अर्ज कारण न देता फेटाळला होता आणि त्यावर वरून बोलणी खाल्ली होती. या वेळी त्यांनी कारणात काहीच कमी ठेवलं नव्हतं. बाबा अडखळत वाचायला लागले, "सदर मत हे, पांदण रस्ता शासकीय असून त्यावरील कुंपण काढणे ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे, अशा आशयाचे असल्याने, व ते वकील आणि अशील यांच्यातील गोपनीय बाब असल्याने, अर्जदारास देता येत नाही."

खाली सही आणि गोल शिक्का, हेही बाबांनीच सांगितलं.

माझ्या आवाजावरून काही कळू नये म्हणून मी फोनवर तळहात दाबला. खरंच सांगते, श्वाससुद्धा जपून घेत होते. बाबा म्हणाले, "म्हणजे नाहीच देत." मागून आईचा आवाज आला, "अहो, ते कुऱ्हाड ठेवा पहिले. अन् मघाचं पुन्हा वाचा."

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चष्मा काढला, मग हसून हसून पाणावलेले डोळे पुसले. "गुपित अशिलाचं असतं गं," त्या म्हणाल्या. "त्यानेच शिक्का मारून वाटलं तर आपण काय करणार?"

बाबांनी तो नकार ग्रामसभेत मोठ्याने वाचला. कागद पंचायतीचाच होता, त्यामुळे नाही कोण म्हणणार? शेजारच्या काकांनी कुंपण स्वतःच गुंडाळलं आणि त्याचे खांब आम्हालाच विकत घ्यायला सांगितले. आई नको म्हणाली. व्यापाऱ्याची गाडी पांदणीने बागेपर्यंत आली. धुऱ्याकडच्या ओळीची संत्री शेवटी तोडली.

त्या दिवशी क्रेटवर बसून आईने मला एक संत्रं सोलून दिलं.

"आता तं सगळ्याले मालूम झालं," ती म्हणाली. "त्या कागदात अजून काय व्हतं वं?"

अजून बरंच होतं. मी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि गाडीकडे पाहत बसले.