चिलटांचे उपकार

केळ्यांवर बसणारी चिलटं लोक हाताने उडवून लावतात. मी त्यांची पगारी नोकर आहे. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी त्यांना काचेच्या नळीत पोसते, नळी टेबलावर आपटते आणि ती किती वेळात वर चढतात ते बघते. आपटलं की चिलट वर धावतं, हा त्याचा स्वभावच. पण ज्यांच्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, ती तळाशीच रेंगाळतात. पाय शाबूत, पंख शाबूत, पण निघायचं काही जमत नाही. उरणला आमच्या घरी या नोकरीवर सगळे मनसोक्त हसून घेतात.

बाबांचं आयुष्य मिठागरात गेलं. मिठागर बंद झालं, माझ्या भावाचे बंदरावर माल वाहणारे ट्रेलर सुरू झाले, घरात पैसा आला आणि बाबा हळूहळू ओटीवरच्या खुर्चीतून उठेनासे झाले. पाण्याचा तांब्या शेजारी असला तरी हात पुढे व्हायला वेळ लागायचा. चालताना पाय फरफटायचे. सुखात पडला आणि सुस्तावला, असं गावात बोललं जाऊ लागलं. गावाला तरी कशाला दोष देऊ? एका रविवारी जेवायला हाका मारून मारून मी कंटाळले आणि म्हणाले, "बाबा, किती आळस तो!"

त्याच आठवड्यात नळी आपटली आणि तळाशी बसलेली चिलटं बघता बघता माझ्या अंगावर काटा आला. ही चिलटं आळशी आहेत, असं मी नोंदवहीत कधीच लिहिलं नव्हतं. तो शब्द मी फक्त वडिलांसाठी राखून ठेवला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मी बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी बाबांना चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली आणि पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. मेंदूतलं डोपामिन भरून काढणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत हात मोकळा झाला. तरी गोळीचा असर ओसरला की उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटायचे. मी हात धरून ओढायचे आणि ते आणखीच ताठ व्हायचे.

एकदा आईने मला बाजूला केलं. हंगामाआधी मिठागराचा चिखल पायांनी तुडवून तळ घट्ट करावा लागतो. माणसं ओळीने उभी राहतात आणि एका ठेक्यात तुडवतात. आईबाबांनी ते काम वर्षानुवर्षं जोडीने केलेलं. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि जमिनीवर पाय आपटत म्हणाली, "चला, तुडवाचा हाय ना?" बाबांचा डावा पाय उचलला, मग उजवा, आणि दोघं उंबरठा ओलांडून अंगणात गेली. आतून निघणं जमत नसलं तरी बाहेरच्या ठेक्यावर पाय उचलू शकतात, हे मी नंतर वाचलं. आईने काही वाचलं नव्हतं. तिचे आणि त्या चिलटांचे उपकार कुठल्या जन्मी फिटतील, मला माहीत नाही.

अंगणात मी बाबांची माफी मागितली. चिलटांचं, रसायनाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मी आलशी न्हाय?"

"नाही, बाबा."

"मना पन वाटाचा, मी आलशीच हाय," ते म्हणाले.

इतके महिने तेही स्वतःला आळशीच समजत होते, हे मला तेव्हा कळलं. मला रडू आवरेना. बाबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. फाटकापाशी भाऊ ट्रेलर धूत होता. बाबांनी त्याला हाक मारली. "आयकलास का र? मी आलशी न्हाय. मेंदूतला रस कमी परलाय."

आजारात त्यांचा आवाज पार खोल गेला होता. त्या दिवशी तो शेजारच्या तीन घरांना ऐकू गेला.