फावडं रोवलेली ओळ

कॉलेजात पोरांना संगणक शिकवताना माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आधी फाइलला नाव द्या, मग लिहा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या अमरावतीच्या घरी टेक्स्ट एडिटरमध्ये चौदा टॅब उघडे होते आणि एकाही टॅबला नाव नव्हतं.

ते टॅब बाबांचे होते. अकोल्याजवळ मोर्णेकाठी आमचा भाजीचा मळा आहे. घरच्या काटेरी वांग्याचं बी बाबा दरसाल स्वतः धरायचे आणि ती रीत त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. पाण्याची मोटर चालू केली की ते मला फोन लावायचे. ते सांगायचे, मी नवा टॅब उघडून लिहायचे. मध्येच विजेची लाइन गेली, की पाणी जिथवर पोचलं त्या सरीच्या तोंडाशी फावडं रोवून बाबा घरी जायचे. दुसऱ्या दिवशी पाणी तिथूनच सुरू. बोलण्याचंही तेच. फोनवर आधी विचारायचे, काल कुठं होतो आपण? मी शेवटची ओळ वाचायची, की ते पुढे सांगू लागायचे.

एका सकाळी फोन आला नाही. बाबांना लकवा मारला होता. उजवा हात लुळा पडला आणि वाचाही गेली. मी त्यांना अमरावतीला आणलं. तीन महिने झाले तरी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे शब्द नव्हता. शेवटचा टॅब अर्ध्या वाक्यावर थांबला होता. त्याला नाव द्यायचा मला धीरच होईना. नाव दिलं म्हणजे सांगणं संपलं, असं वाटायचं. टॅब मिटतील या भीतीनं मी संगणकही कधी बंद केला नव्हता, आणि नशिबानं घरची वीजही गेली नव्हती. संगणक शिकवणाऱ्या बाईचा मूर्खपणाच, दुसरं काय.

त्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. मी गाडी बाहेर काढेस्तोवर बाबांनी डाव्या हातानं घराचा मेन स्विच पाडला. मळा सोडताना मेन पाडायचाच, नाहीतर लाइन आली की मोटर आपोआप सुरू होऊन जळते, ही त्यांची जन्माची सवय. माझ्या संगणकाला बॅटरीचा आधार नव्हता. स्क्रीन काळी झालेली मला दारातूनच दिसली.

"बाबा, काहून केलं असं?" मी ओरडले. "तुमी सांगितलेलं सगळं गेलं आता."

आजारी माणसावर ओरडले, याची मला अजून लाज वाटते. बाबा मान खाली घालून पलंगावर टेकले.

मी मेन वर केला, संगणक लावला, एडिटर उघडला. पहिला टॅब आला. मग दुसरा. बघता बघता चौदाच्या चौदा आले, ज्या क्रमानं मी ठेवले होते त्याच क्रमानं. जतन न केलेलं लिखाणही काही एडिटर गुपचूप बाजूला ठेवतात, कर्सर कुठं होता तेही लक्षात ठेवतात, हे मी वर्गात शिकवलेलं होतं. पण स्वतःचं गेलेलं असं परत येताना पाहिलं नव्हतं. कर्सर त्याच अर्ध्या वाक्याशी उघडमीट करत होता.

इतकं नवल एकटीनं पाहवेना. मी बाबांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, फोनवर वाचायची तशीच. बियाण्याचं वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, मग तोडायचं, आणि तोडल्यावर ते...

मी थांबले. पुढे काही नव्हतंच.

बाबांनी डाव्या हाताचं बोट कर्सरवर ठेवलं. ओठ हलले. बराच वेळ नुसताच श्वास ऐकू आला.

"सावलीत," ते म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ होता. "चार दिस."

तीन महिन्यांनी त्या आवाजात हो-नाहीपलीकडचा शब्द ऐकला. मला रडू आवरेना, अक्षरं दिसेनात. तशीच मी ते टाइप केलं आणि पूर्णविराम दिला. आता तरी या फाइलला नाव देऊ म्हणून माउसकडे हात नेला, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब," ते म्हणाले. "हाये अजून."