बाबा, बघा हां!

विठ्ठलकाकांना आमच्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसायला फार आवडायचं. पाचाडला त्यांची खानावळ होती. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ते आमच्यात येऊन बसत. आम्ही म्हणजे त्यांची सोनल आणि मी, दहावीतल्या मैत्रिणी. व्हिडिओत कुणी धावत्या गाडीच्या टपावर उभा राही, कुणी कड्याच्या टोकावर नाचे. काका मांडीवर थाप मारत, "वाघ हाय रे हा! भिऊन जगण्यात काय मजा हाय गो?"

माझ्या घरी असलं काही दिसलं असतं तर मोबाईलच काढून घेतला असता. म्हणून मला काका हवेसे वाटत. माणूस मायाळू. मला उपाशी कधी घरी जाऊ दिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ते आम्हा दोघींना जीपने महाबळेश्वरला घेऊन निघाले. आंबेनळी घाटात चहासाठी थांबलो. काका टपरीवर गेले, आणि सोनल कठड्यावर चढली. मोबाईल माझ्या हातात होता.

"एक पाय उचल," मी म्हणाले. "अजून थोडी मागे. दरी दिसू दे."

"बाबा, बघा हां!"

काका वळले. हसले. अंगठा वर करून ओरडले, "वाघीण हाय माझी!"

पुढच्या क्षणी कठड्यावर कुणी नव्हतं.

मोबाईल तसाच चालू होता. माझा हात खाली येईना. काका चहाचे ग्लास टाकून सरळ उतारावरून घसरत गेले. सोनल खाली करवंदीच्या जाळीत अडकली होती. दोर लावून वर काढली तेव्हा शुद्धीत होती, पण पाय हलत नव्हते. जगली. परीक्षेला चाकाच्या खुर्चीतून आली.

सगळे मोबाईललाच शिव्या देत होते. काकांनीही दिल्या असत्या तर कुणी अडवलं नसतं. पण शाळेच्या पालकसभेत ते आपणहून उठले.

"तिला मोबाईलनं नाय शिकवलं," ते म्हणाले. "रोज बाजूला बसून शाबासकी मी दिली. ती पडली तेव्हाबी मी हसतच होतो."

माझी आई माझ्या शेजारी होती. "अजून थोडी मागे" कोण म्हणालं, हे तिला ठाऊक नव्हतं. काकांना होतं. व्हिडिओ त्यांनी दवाखान्यात पाहिला होता, तरी माझं नाव त्यांनी कुठंच घेतलं नव्हतं.

मी आईचा हात सोडला आणि उभी राहिले.